दोन दातांची खाच

प्रिय मापटे,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, गुडघा सोडला तर. गुडघ्याचं रडगाणं तुला फोनवर ऐकवून झालंय. पण फोनवर आपलं गाडं "जेवलात का" आणि "तू जेवलीस का" याच्या पुढे सरकत नाही. जेवलो म्हणून दोघंही थाप मारतो आणि दोघांनाही ते माहीत असतं. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना माझा आवाज भरून आला तर तुला ऐकू येणार नाही, आणि वाचताना तुझा भरून आला तर मला. जन्मभर कापडावर खडूनं रेघा मारल्या, पेन धरायची सवय गेली. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला झालंय, तेवढं सांभाळून घे.

बातमी अशी की परवा तुझी चष्मेवाली मैत्रीण येऊन गेली. आपल्या घरजावयाची तब्येत बघायला आली होती. वर्षातून एकदा तुमच्या ऑफिसातून कोणीतरी येतं, फाटकाजवळच्या त्या लोखंडी टोपणाचं कुलूप काढतं, पाइपात टेप सोडून पाणी किती खोल आहे ते हातानं मोजतं, आणि आत टांगलेलं यंत्रही तेच सांगतंय की थापा मारतंय ते ताडून बघतं. इतकी वर्षं हे काम तू स्वतः करायचीस, तेवढ्या निमित्तानं घरी राहून जायचीस. या वेळी तू तिला पाठवलंस. गाडीतून उतरली आणि बिचारीच्या लक्षात आलं की खडू राहिला. टेपच्या टोकाला खडू फासल्याशिवाय ओल कुठवर चढली ते कळत नाही, हे मला तुझ्यामुळे माहीत. मी माझा शिवणाचा निळा खडू दिला. तिनं मोजलं, यंत्र खरं निघालं, टोपणाला परत कुलूप लागलं. मग ती चहाला बसली, आणि चहा निवला तरी उठेना. दुकानात गिऱ्हाईक असं घुटमळलं की मी समजतो, काहीतरी सांगायचंय आणि संकोच वाटतोय. मी मुद्दाम सुईत दोरा ओवत बसलो. शेवटी ती बोलली. पलीकडच्या कोरड्या मुलखात निरीक्षण विहिरींची एक अख्खी नवी रांग खणायची आहे, कुठे खणायची ते ठरवण्यापासून सगळं साहेब तुझ्या हाती देत होते, आणि तू नाही म्हणालीस. असं काम करायचं म्हणून तू कॉलेजात असल्यापासून बोलत होतीस. तिथे गेलं की महिनोन्‌महिने माळावर राहावं लागतं आणि आपल्या यंत्राची रेघ दाखवणारा ऑफिसातला पडदा रोज सकाळी समोर नसतो, एवढंच ती म्हणाली. मला एवढंच पुरलं. आणखीही एक गोष्ट तिनं सांगितली, ती पुढे लिहितो. आधी मला थोडं मागे जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाला मागे गेल्याशिवाय पुढे येता येत नाही.

मापटी हे नाव मी ठेवलं, आईला ते कधी आवडलं नाही. पण तुझे उद्योगच तसे होते. माझ्या गळ्यातला टेप ओढून घ्यायचीस आणि दिसेल ते मोजत सुटायचीस. मांजराची शेपटी मोजलीस, दाराची फट मोजलीस, दूधवाल्याच्या मिशा मोजल्यास. तो बिचारा किटली खाली ठेवून मान पुढे करून उभा राहायचा. मागच्या अंगणात बोअर नुकतीच मारली होती आणि पंप बसायचा होता, तेव्हा तू टेपच्या टोकाला माझी कात्री बांधून ती पाइपात सोडलीस. पाणी कुठवर आलंय ते बघायचं होतं म्हणे. गाठ सुटली. कात्री गेली ती गेलीच, माझी सगळ्यात चांगली कात्री. मी हात उगारला तर तुझी आई मध्ये आडवी आली आणि म्हणाली, "कात्री दुसरी मिळेल हो. पाणी कुठवर आहे ते पोरीला कळलं का, ते विचारा आधी." तू हुंदके देत म्हणालीस, "टेप पुरला नाही." मला इतकं हसू आलं की मारायचं राहूनच गेलं. ही पोरगी पुढे जन्मभर भोकात डोकावूनच पोट भरणार, हे तेव्हा आम्हाला काय ठाऊक.

मग तू खरंच त्या नोकरीला लागलीस, आणि आपल्या भागात एक विहीर हवी म्हणून दारोदार फिरलीस. विहीर कसली, वीतभर तोंडाचा पाइप, पण जागा देईना कोणी. ज्याला त्याला वाटायचं, आज पाइप घालतील आणि उद्या सरकार अंगण घेईल. शेवटी तू घरी येऊन पाय आपटत बसलीस, तेव्हा आई म्हणाली, फाटकाजवळचा कोपरा रिकामा आहे, घाल तिथे. खोदणारे आले, धुरळा उडवून गेले, आणि मग तिनं चौकशी सुरू केली. हा पाणी देणार का? नाही. मग काय करणार? बघणार. काय बघणार? जमिनीखाली पाणी किती चढलं, किती उतरलं ते. मागे बोअर आहे, तीच बघ की. त्यावर तू समजावलंस की वापरातल्या विहिरीचं पाणी सारखं हलतं, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. न वापरता नुसती ठेवलेली विहीरच खरं सांगते. आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "म्हणजे जागा आपली, राखण आपली, हा एक थेंब देणार नाही, आणि वर ऑफिसातली माणसं येऊन याची तब्येत विचारणार. हा तर घरजावईच झाला!" त्या दिवसापासून तो घरजावई. तुझ्या लग्नाचा विषय निघाला की आई फाटकाकडे बोट दाखवायची, "एक जावई दिलाय तिनं, तोच पोसवत नाही, दुसऱ्याचं काय घेऊन बसलात!"

पण भांडणही त्याच्यावरूनच झालं. आईची रोपवाटिका मागे, तिचा पंप मागे. ती पहाटे पंप लावायची, आधी टाकी भरायची, मग पंप थांबवून पाइप काढायची, रोपांच्या नळीला जोडायची आणि परत चालू करायची. तिकडे तुझ्या पडद्यावर रोज सकाळी पाण्याची रेघ खाली बसायची. साहेबांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, ही विहीर आहे की करवत? तू तणतणत घरी आलीस आणि आईला म्हणालीस, पंप बंद कर, तुझ्यामुळे माझं माप बिघडतंय. आई रोपांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का ग बायांनो, जावई झोपलाय, पाणी मागू नका." तुम्ही दोघी आठवडाभर बोलला नाहीत. मी मधल्यामध्ये निरोप्या. शेवटी तूच तोडगा काढलास. रेघेतलं आईचं रोजचं पाणी तू ओळखायला शिकलीस, तेवढं वजा केलंस, उरलेलं साहेबांना दिलंस, आणि साहेब खूश. तू फोनवर मला ती रेघ दाखवलीस. सरळ चाललेली, मध्येच खाली उतरून वर येऊ बघणारी, परत उतरणारी आणि मग हळूहळू भरून येणारी. मी म्हटलं ही तर खाच आहे, दोन कापडं जुळवायला काठाला मारतो तशी. दोन दातांची. तेव्हापासून तुमच्या ऑफिसातही तिला आईची खाच म्हणतात, असं तू सांगितलंस. आईनं तोंड वाकडं केलं, पण दिवसभर गुणगुणत होती.

त्यानंतर तुम्हा दोघींचं जे सुरू झालं त्यात मला जागा नव्हती, आणि मला त्याचा राग नव्हता. खाच उशिरा उमटली की तुझा फोन यायचा, काय ग, आज झोप लागली वाटतं? आई म्हणायची, "पोटची पोर नाही, हेर आहे हेर, माझ्या उशाशी बसवलाय." पण दुसऱ्या दिवशी वेळेवर उठायची. तुझ्या वाढदिवसाला तिनं पंप मुद्दाम तीनदा लावला-थांबवला; तू ऑफिसात बसून तीन दात मोजलेस आणि रडलीस, आणि ते सांगायला फोन केलास तेव्हा आई म्हणाली, "वायर सैल झाली होती, उगाच काहीतरी अर्थ काढू नकोस." एकदा आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, तिनं रागाच्या भरात पंप लावला आणि विसरली. खाच इतकी खोल गेली की तू मला विचारलंस, "बाबा, तुम्ही काय बोललात तिला?" जमिनीच्या पोटातून माझी चहाडी तुझ्यापर्यंत पोहोचली होती. मी त्या घरजावयाला दोन दिवस शिव्या घातल्या.

मी मात्र उठायचो नाही. तुला माहीत आहे माझी सवय, उन्हं अंगणात आल्याशिवाय माझा डोळा उघडत नाही. पहाटे अर्धवट झोपेत पंपाची घरघर कानावर यायची, थांबायची, आईनं मांजराला झापलेलं ऐकू यायचं, घरघर परत सुरू व्हायची, आणि त्या दुसऱ्या घरघरीवर मला गाढ झोप लागायची. त्या दिवशीही मी असाच पडलो होतो. घरघर आली नाही हे माझ्या कानाला समजलंच नाही. फोन वाजला. तू म्हणालीस, "बाबा, आज आईनं पंप नाही लावला का?" मी खेकसलो, "ती काय तुझ्या ऑफिसात नोकरीला आहे? झोपू दे की एक दिवस." तू म्हणालीस, "बाबा, उठा. जाऊन बघा." माझ्या घोरण्याला कंटाळून ती पलीकडच्या खोलीत झोपायची. मी फोन हातात धरूनच गेलो. पुढचं मला लिहवत नाही, आणि तुला सांगायला नको, कारण फोन चालूच होता. एका भिंतीआड मी होतो, तू कुठल्या कुठे होतीस, आणि तुला आधी कळलं. हे मला आजवर पचलेलं नाही. तुझ्यावर राग नाही ग, स्वतःवरही नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, कोणी काही करू शकलं नसतं. पण तिच्या नसण्याची खबर नवऱ्याला लेकीनं द्यावी, तीही पाण्याची रेघ बघून, हे काही ठीक झालं नाही.

तू आलीस, राहिलीस, गेलीस. आईच्या खोलीचं दार तू उघडलं नाहीस, मी सुचवलंही नाही. तू गेल्यावर पहिल्यांदा मागच्या अंगणात पाऊल टाकलं तर रोपांनी माना टाकलेल्या. भर दुपारी मी पंप लावला आणि सगळ्यांना भिजवून काढलं. थोड्या वेळानं तुझा फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्या आवाजात जीव होता. तू एवढंच विचारलंस, "बाबा, रोपांना पाणी घातलंत?" हो म्हटलं. मग म्हणालीस, "आई उन्हाचं नाही घालायची. पहाटे घालायची." त्यानंतर मी गजर लावला. आयुष्यात ज्या माणसानं बायकोच्या हाकेला दाद दिली नाही तो गजराला उठला. पहाटे पंप लावला, टाकी भरली, थांबवला, पाइप बदलला, परत लावला. मला वाटलं जमलं. तुझा फोन आला, "बाबा, पाइप बदलताना घाई करू नका, नीट बसू दे." मी ओळखलं की माझे दोन दात फार जवळजवळ येताहेत. दुसऱ्या दिवशी मी पाइप सावकाश काढला, मांजराला झापलं, मगच लावला. त्या दिवशी तू फोन केला नाहीस, म्हणजे खाच बरोबर जुळली होती. आपण दोघं यावर एकदाही बोललो नाही. मी पहाटे उठतो का हे तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

तुला वाटत असेल, बापानं लेकीसाठी केलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगतो, हसू नकोस. दुसऱ्यांदा पंप चालू केला की मी रोपांकडे बघतही नव्हतो. नळी वाफ्यात सोडून द्यायचो, आत यायचो, अंथरुणावर पडायचो आणि डोळे मिटायचो. भिंतीपलीकडे घरघर चालू असायची. तेवढा वेळ ती मागच्या अंगणात असायची. कमरेला पदर खोचून, हातात नळी धरून, उगाच कोणावर तरी चिडून. मला तिथे जायचं नसायचं, तिला हाक मारायची नसायची, नुसतं पडून राहायचं असायचं, पूर्वीसारखं. वाफे भरून पाणी वाहायला लागलं की उठावं लागायचं. उठताना रोज नव्यानं कळायचं. मापटे, माणूस एकदा जातो म्हणतात. माझ्या घरातून ती रोज सकाळी जात होती, आणि रोज तिला मीच परत आणत होतो.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. रोपवाटिका राहिलेली नाही. माझ्यानं ती निभली नाही, गुडघा वाकत नाही आणि कुठल्या रोपाला किती ते मला कळत नाही. शाळेचा माळी येऊन सगळी रोपं घेऊन गेला, तिकडे ती बरी आहेत, मी बघून आलो. मागे नुसते उघडे वाफे आहेत. आणि तरी मी पंप लावत राहिलो. पहिल्या दाताचं पाणी टाकीत, भरलेल्या टाकीवरून गच्चीत, गच्चीतून खाली. दुसऱ्या दाताचं मोकळ्या मातीत, आणि तिथून गटारात. तुझ्या आईनं भांडी विसळलेलं पाणीसुद्धा कधी वाया घालवलं नाही, आणि मी तिच्या नावानं रोज सकाळी जमिनीचं पाणी रस्त्यावर सोडत होतो. शेजारच्या वहिनी दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा हसत म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या टाकीचा बॉल बिघडलाय वाटतं." मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या बोअरला गाळ यायला लागलाय, आणि तुमचं पाणी आमच्या दारावरून वाहत जातं." मी बॉल बदलतो म्हणालो आणि दार लावून घेतलं. मान खाली घालायची वेळ आली माझ्यावर, या वयात.

तुझ्या मैत्रिणीनं टेप गुंडाळताना विचारलं, "काका, या वर्षी पाणी खूप उतरलंय, खाचही पूर्वीपेक्षा खोल जाते आणि भरून यायला वेळ लावते. घरात एवढं पाणी कशाला लागतं?" बोलता बोलता ती मागच्या दारापर्यंत गेली, उघडे वाफे बघितले, आणि तशीच परत फिरली. पोरगी हुशार आहे, तुझ्याच पठडीतली. मग चहाला बसल्यावर तिनं ती दुसरी गोष्ट सांगितली. तू ऑफिसात झाडूवालीच्याही आधी येतेस म्हणे. दिवे न लावता पडद्यासमोर उभी राहतेस. पहिला दात उमटतो, मग दुसरा, आणि तू अगदी हळू म्हणतेस, "उठली." मगच पर्स खाली ठेवतेस. ती खाच वजा करायचीही तू सोडून दिलं आहेस, कोणी हात लावला तर अंगावर धावून जातेस. साहेब दोनदा समजावून थकले. हे तिनं चहाडी म्हणून सांगितलं नाही ग, तिचे डोळे भरले होते. मी तिला धीर दिला, आणि ती गेल्यावर मशिनवर डोकं टेकून बसून राहिलो. मला वाटत होतं मी माझ्या लेकीला आधार देतोय. मी तर तुला रोज सकाळी, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी नेऊन बसवत होतो. म्हणूनच तू घरी येत नाहीस ना? आलीस तर पहाटे पंपाशी कोण उभं आहे ते दिसेल, म्हणून? मला तुझा राग नाही. मीही डोळे मिटूनच पडत होतो.

तुझ्या शाळेच्या फ्रॉकला मी आतून भरपूर कापड सोडायचो, आठवतं? आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो. दर वर्षी शिवण उसवायची, थोडी माया मोकळी करायची, फ्रॉक पुन्हा अंगाला बसायचा. एका वर्षी तू नवा नको, हाच हवा म्हणून हटून बसलीस, आणि मी शिवण उघडली तर आत सोडायला काही उरलंच नव्हतं. तू मला किती बोललीस! आई म्हणाली, "अग, त्यांनी होती तेवढी सोडली. आता तू वाढलीस, त्याला ते काय करणार?" परवापासून हेच वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. तुझ्या आईनं होतं तेवढं सगळं तुला दिलं, मापटे. शिवणीत आता काही नाही, आणि मी रोज सकाळी तीच शिवण उसवत बसलो होतो.

तर पत्र लिहायचं कारण हे. पत्र मिळालं की नुसता एक मिस्ड कॉल दे, बोलायला नको, मी समजेन. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे आईची खाच येणार नाही. हे तुला पडद्यावर अचानक दिसू नये. एकदा तसं झालंय, पुन्हा होऊ द्यायचं नाही, म्हणून हा सगळा कागदाचा पसारा. त्या सकाळी तुझी मैत्रीण लवकर येऊन तुझ्याजवळ थांबणार आहे, मीच तिला सांगितलंय, तिला हाकलून देऊ नकोस. पहाटेची रेघ सरळ जाईल. रडायचं तेवढं रड, मीही इथे रडणार आहे. मग थांब, लगेच उठून जाऊ नकोस. उन्हं अंगणात आली, माझा चहा झाला, की एक खाच येईल. एकाच दाताची, उथळ, एका माणसाला लागतं तेवढ्याच पाण्याची, आणि वेळेला धरबंध नसलेली. ती तुझ्या आईची नाही. ती माझी आहे. ती नीट ओळखून ठेव, साहेबांसाठी वजा कर, आणि त्या कोरड्या मुलखातलं काम घे. जाताना वाटेत घरी ये, आईच्या खोलीचं दार आपण दोघं मिळून उघडू. तिकडे माळावरून रोज बघायला नाही जमलं तरी चालेल, मैत्रिणीला अधूनमधून विचारत जा. आणि एखाद्या दिवशी दुपार झाली तरी ती खाच आली नाही तर फोन कर. बहुतेक मी लोळतच पडलेलो असेन. पण कर.

तुझाच,
अजून उठणारा, उशिरा का होईना,
बाबा